रोवणीचे सांधे

मुलांनो, पावसाळ्यात कधी आमच्या साकोलीकडे आलात, तर बांधी-बांधीत ओणव्या झालेल्या बाया दिसतील. ही धानाची रोवणी. आमची मायही कित्येक वर्षं रोवणीला जायची. आता तिचे गुडघे ऐकत नाहीत. असं का होतं, हे कळायला सांध्यांची ओळख हवी.

मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडं असतात. दोन हाडं जिथं भेटतात, तो सांधा. कवटीचे सांधे घट्ट बसलेले; मेंदू सांभाळायचा, तर हलून कसं चालेल?

रोवणारी बाई वाकते ती खुब्यातून. मांडीच्या हाडाचं गोल डोकं तिथं खोल खळगीत बसतं. हा उखळीचा सांधा. खांदाही तसाच, पण त्याची खळगी उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो आणि खांदा निखळतोही लवकर. बाजूच्या बाईशी बोलायला मान वळते ती खिळीच्या सांध्यामुळे. मनगटातली हाडं एकमेकांवर सरकतात, तो सरकता सांधा.

आता एक करून पाहा. अंगठा तळहाताला चिकटवा आणि उरलेल्या बोटांनी पेन्सिल उचला. जमतं का नीट? अंगठ्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा आहे, म्हणून पऱ्हे चिमटीत धरता येतात.

गुडघा मात्र बिजागरीचा. दारासारखा मुख्यतः एकाच दिशेनं उघडतो, मिटतो. पाऊल चिखलात रुतलेलं असताना अंग वळलं, की पीळ त्याच्यावर पडतो. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखा द्रव. पण कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात! कातडीवरची जखम भरते, तशी कूर्चेची झीज सहज भरून येत नाही. वय, वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षांचं जड काम, सगळ्याचा हिशेब गुडघ्यात साठत जातो.

तेव्हा घरी आई किंवा आजी “गुडघे दुखतात” म्हणाली, तर “वयच झालं” म्हणून सोडून देऊ नका. तिला डॉक्टरांकडे न्या. नुसतं बसून राहणं हा उपाय नव्हे. डॉक्टरांनी सांगितलेल्या व्यायामानं मांडीचे स्नायू बळकट झाले, तर गुडघ्याला आधार मिळतो. तो व्यायाम तिच्यासोबत तुम्हीही करा. आणि पाण्याची गुंडी तेवढी तुम्ही उचला, बरं का!