गोष्टीचा दुसरा भाग

आम्ही काही नामवंत लेखक नव्हे. कारखान्यातली पाळी सुटली की वही घेऊन बसायचे, एवढाच आमचा नाद. मागे आम्ही एक प्रेमकथा लिहिली. भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, पाण्याच्या टँकरपुढच्या रांगेत नायक-नायिका भेटतात आणि शेवटी त्यांचे लग्न होते. वस्तीतल्या बायाबापड्यांनी ती वाचली आणि विचारू लागल्या, "पुढं काय झालं?" म्हणून दुसरा भाग लिहायला घेतला.

कथा आम्हांला परकी नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, किल्लारी परिसरात धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे धाबे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे १०,००० माणसे गेली. आमची सहचारिणी त्याच भागातली. तिचा धाकटा भाऊ त्या रात्री गेला. १९९६ साली आमचे लग्न झाले.

दुसऱ्या भागात नायिका रात्री किंचाळून उठते. नायक तिला जवळ घेतो, "मी आहे ना!" म्हणतो आणि सकाळपर्यंत तिची भीती पार पळून जाते. आम्ही खूश होऊन घरात वाचून दाखवले. सहचारिणी कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"अवो, लग्नानंतर सात वर्षं मी दाराकडं डोकं करून झोपले, ते कुठं लिहिलंय? रस्त्यानं ट्रक गेला, फळीवरची भांडी वाजली, की पोराला उचलून बाहेर पळायची. तवा तुम्ही काय म्हणायचा?"

आम्हांला चांगले आठवत होते. आम्ही म्हणायचो, "आता विसर की! किती वर्षं झाली!"

वाचकहो, आमच्या गोष्टीतला खलनायक आम्हांला त्या दिवशी सापडला.

मग खरे काय घडले ते आठवू लागलो. एकदा तिने सांगितले म्हणून आम्ही डोक्यावरच्या फळीवरची भांडी खाली उतरवली. रात्री दाराला कडी न लावता नुसती दोरी बांधू लागलो. उशाशी बॅटरी ठेवली. त्यानंतर कुठे तिला सलग झोप लागू लागली. पुढे एका ३० सप्टेंबरला ती रात्रभर भावाबद्दल बोलली. आम्ही नुसते ऐकले. नंतर सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी समजावले की हे वेड नाही, दुबळेपणाही नाही. संकट टळले तरी मन पहारा सोडत नाही. या आजाराला १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी अधिकृत नाव दिले. तिथल्याच डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडले जाणे. आमचा नायक पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारत होता!

आम्ही ती पाने फाडली. आता दुसरा भाग नायक भांडी खाली उतरवतो तिथून सुरू होतो. तो तिला विचारल्याशिवाय जवळ घेत नाही. शेवटी ट्रक जातो, ती दचकून उठते, घोटभर पाणी पिते आणि पुन्हा आडवी होते. भीती पुरती गेलेली नाही. पण ती आता दारापर्यंत पळवत नाही.

आपल्या घरात कोणी असे दचकून उठत असेल, तर बंधूंनो, "विसर" म्हणू नका. दवाखान्यात न्या. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवाही आहे, तिचा क्रमांक १४४१६.

नवी पाने वाचून सहचारिणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता खरं वाटतंय. एवढंच करा, गोष्टीतल्या भावाला माझ्या भावाचं नाव द्या."

दिले आहे.