चिपिंग कॅम्पडेन : एका व्यापाऱ्याची शिल्लक

मुलाकडे लंडनला मुक्काम असताना राजवाडे आणि संग्रहालये पाहून झाली, तेव्हा सौ.च्या आग्रहाने एक दिवस ग्रामीण इंग्लंडसाठी राखून ठेवला. पॅडिंग्टन स्थानकावरून आगगाडीने सुमारे दीड तासात मॉर्टन-इन-मार्श आणि तेथून बसने चिपिंग कॅम्पडेन. ग्लॉस्टरशायरमधील कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या कुशीतले हे गाव मधाच्या रंगाच्या चुनखडी दगडात बांधलेले आहे. ‘चिपिंग’ म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. नावातच पेठ असलेले हे गाव आपल्यासारख्यांना परके कसे वाटावे?

मध्ययुगात येथील लोकरीला युरोपात मोठी मागणी होती. हमरस्त्यावर विल्यम ग्रेव्हल या लोकरीच्या व्यापाऱ्याचे चौदाव्या शतकातील घर आजही उभे आहे. तो १४०१ साली निवर्तला. सेंट जेम्स चर्चमधील पितळी स्मृतिपट्टावर त्याचा गौरव साऱ्या इंग्लंडच्या लोकर-व्यापाऱ्यांमधील पुष्प असा केलेला आहे.

चर्चमधून परतताना पाऊस आला आणि आम्ही धावतच बाजार-मंडपात शिरलो. दगडी कमानींचा हा उघडा मंडप सर बाप्टिस्ट हिक्स यांनी १६२७ मध्ये बांधला. लोणी, चीज विकायला येणाऱ्यांना आडोसा मिळावा, हा त्यामागील हेतू. पायाखालची फरसबंदी झिजून उंचसखल झाली आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या छपराने आम्हा परदेशी वृद्धांनाही कोरडे ठेवले.

हिक्स हे लंडनमधील रेशमाचे मोठे व्यापारी. राजे पहिले जेम्स यांनाही त्यांनी कर्ज दिले होते. राजाकडून कर्जवसुली कशी करावी, हा प्रश्न माझ्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला तेथेही सुचलाच! चर्चजवळ त्यांनी स्वतःसाठी भव्य वाडा उभारला आणि त्याच सुमारास, १६१२ मध्ये, गरीब वृद्धांसाठी बारा घरांची ओळ बांधली. पुढे यादवी युद्ध पेटले. १६४५ मध्ये माघार घेणाऱ्या राजपक्षाच्या सैनिकांनी वाडा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जाळून टाकला. आता तेथे प्रवेशद्वार, मेजवानीच्या दोन लहान इमारती आणि काही भग्नावशेष एवढेच उरले आहे. वृद्धांच्या घरांत मात्र आजही माणसे राहतात. ती राहती घरे असल्याने बाहेरूनच पाहावीत.

कर्जप्रकरणे तपासताना मी आयुष्यभर वाडे, दुकाने, गोदामे यांचे मूल्यांकन केले. धर्मशाळा किंवा पाणपोई तारण म्हणून कोणी कधी दाखवली नाही. दाखवली असती, तर मी ती शून्य किमतीला धरली असती. हिक्स यांच्या मालमत्तेचे मूल्यांकन माझ्याकडे आले असते, तर माझा सारा भर त्या वाड्यावरच राहिला असता.

पाऊस थांबला, तरी सौ. म्हणाली, “बसू या की आणखी थोडा वेळ.” आम्ही बसलो.