पन्नास रुपयांची शिट्टी

हॉस्टेलवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, 'सिक्युरिटी' म्हणजे काय? उत्तर ठरलेलं. साडेनऊला गेट बंद करून आपल्यालाच बाहेर ठेवणारा माणूस! सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्स काढून धावतपळत यावं, आणि काकांनी शांतपणे लेट रजिस्टर पुढे सरकवावं. त्यामुळे रात्रीच्या पहाऱ्याबद्दल कुणी चांगलं बोललं की आपल्याला हसू येतं. तरी मी आज त्याच्याच बाजूने लिहिणार आहे. (शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या भरवशावर!)

विषय निघाला दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या कॉलनीच्या मीटिंगमध्ये. कॉलनी म्हणजे तीन गल्ल्या आणि चाळीस घरं. रात्री अकरा ते पहाटे पाच एक नेपाळी दादा काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरतात आणि महिन्याला घरटी पन्नास रुपये घेतात. सेक्रेटरी काका म्हणाले, "गस्त बंद करू आणि आठ कॅमेरे लावू. शिट्टी वाजली की चोराला आपोआप कळतं, हा कुठे आहे ते!" सगळे हसले. मग माझ्याकडे वळून, "तू इंजिनिअर होणार ना? सांग बरं, कुठले घ्यायचे."

मी शोधायला बसले. कॅमेऱ्यांचे भाव मिळालेच, पण एक प्रयोगही सापडला. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्क शहरात १९७८-७९ मध्ये काही वस्त्यांत पोलिसांची पायी गस्त ठेवली, काही वस्त्यांतून काढली आणि फरक तपासला. १९८१ च्या अहवालात निष्कर्ष आला की पायी गस्तीमुळे गुन्हे काही फारसे घटले नाहीत, पण तिथल्या लोकांना जास्त सुरक्षित वाटू लागलं. ते पोलीस होते आणि आमचे दादा खासगी, हे मान्य. पण प्रश्न तोच आहे.

हे सांगितल्यावर काका लगेच म्हणाले, "म्हणजे नुसतं वाटतंच ना!"

नुसतं? पहाटे साडेचारला एस.टी.तून उतरून, पाठीवर सॅक घेऊन एकटीने घरापर्यंत चालत या, मग बोलू. गल्लीच्या तोंडाशी शिट्टी ऐकू आली की माझी चाल आपोआप सावकाश होते. ती शिट्टी एकट्या चोरालाच कळते असं नाही, मलाही कळते.

आणि गोष्ट फक्त वाटण्याचीही नाही. आमच्या समोरच्या काकू एकट्या राहतात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोन वाजता दादांना त्यांच्या घरातला दिवा दिसला. बेल वाजवली, उत्तर नाही. त्यांनी बाबांना उठवलं. काकू बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या घरातला दिवा साडेदहाला मालवतो, हे दादांना रोजच्या फेरीमुळे ठाऊक होतं. कॅमेऱ्यालाही दिवा दिसला असता हो! पण त्या वेळी स्क्रीनसमोर बसणार कोण, आणि यात काही वेगळं आहे हे ओळखणार कोण?

अर्थात गस्त म्हणजे दादागिरी नव्हे. गस्तवाल्याला तुमच्या-माझ्याहून जास्त अधिकार नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ४० प्रमाणे डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुणीही गुन्हेगाराला पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. भंगारवाल्याची झडती घेणं, डिलिव्हरीच्या पोराला दरडावणं यात कुठेच बसत नाही. म्हणूनच प्रशिक्षण हवं. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात परवाना आणि प्रशिक्षण दोन्ही सक्तीचं आहे. महाराष्ट्रात तर सुरक्षारक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी १९८१ पासून वेगळा कायदा आहे. आमचे दादा मात्र यातल्या कशातच नाहीत. त्यांना ना एजन्सी, ना रजा, ना पी.एफ.

मीटिंगमध्ये मी फळ्यावर साधं गणित मांडलं. चाळीस घरं गुणिले पन्नास, म्हणजे दोन हजार रुपये. तीस रात्री गुणिले सहा तास, म्हणजे एकशे ऐंशी तास. भागाकार करा. तासाला जेमतेम अकरा रुपये! तेही सगळ्यांनी दिले तर. म्हणून तर दादा पहाटे गस्त संपवून लोकांच्या गाड्या धुवायला जातात. आपण चौकीदार झोपतो म्हणून विनोद करतो, पण तो झोपणार कधी, हे कुणी विचारत नाही.

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं की दोन कॅमेरे प्रवेशाच्या रस्त्यावर लावायचे, गस्त चालू ठेवायची, वर्गणी दीडशे, आणि पावतीपुस्तक करायचं. पहिली पावती लिहिताना सेक्रेटरी काकांचं पेन थांबलं. दादांचं नाव काय? सगळी कॉलनी त्यांना 'बहादूर' म्हणते! विचारलं, तेव्हा कळलं की ते नाव त्यांचं नाहीच.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या मागच्या गेटवरच्या काकांचं नाव किती जणांना माहीत आहे? आणि रेक्टर मॅडम, एक नम्र विनंती. त्या गेटवर पावसात उभं राहायला आडोसा नाही. पत्र्याची छोटी शेड आणि एक बरी टॉर्च मिळाली तर फार बरं होईल. शेडचं ड्रॉइंग आणि एस्टिमेट आमच्या सिव्हिलच्या मुली फुकट करून देतील. मी विचारून ठेवलंय!