आमच्या घरची नवी फरशी

वाईचें आमचें घर वडिलांच्या वेळचें. माजघरांत व ओटीवर शहाबादी फरशी होती. ती आमच्या लहानपणीं बसविलेली. त्यापूर्वींची सारवलेली जमीनहि आम्हांस अंधुक आठवते. अलीकडे फरशीच्या सांध्यांतून मुंग्या निघत, दोनतीन फरशा पायाखालीं डुलत, आणि न्हाणीघराच्या भिंतीचे पोपडे बादलींत पडत. २०२४ सालीं धाकट्या बंधूंच्या नातवाची मुंज घरींच करावयाची ठरली. त्या निमित्तानें मंडळींनीं एकमतानें ठरविलें कीं, माजघर, ओटी व न्हाणीघर यांस नव्या तऱ्हेच्या मोठ्या पोर्सेलीन टाइल्स बसवाव्या. एकमतानें हा शब्द वाचकांनीं थोडा सवलतीनें घ्यावा. आमचें मत विरुद्ध होतें, परंतु तें कोणीं विचारलें नाहीं.

टाइल्स गुजराथेंतील मोरबीहून आल्या. एकेक टाइल दोन फूट रुंद व चार फूट लांब, जाडी नऊ मिलिमीटर आणि वजन सुमारें पंधरा किलो. बारीक माती, फेल्डस्पार व गारगोटीची पूड यांचें मिश्रण प्रचंड दाबाखालीं दाबून सुमारें १२०० अंश उष्णतेंत भाजलें म्हणजे ही वस्तु तयार होते. ती इतकी घट्ट असते कीं, स्वतःच्या वजनाच्या शेंकडा अर्ध्या भागाहून अधिक पाणी ती शोषीत नाहीं. संस्कृतांत बांधीव जमिनीस कुट्टिम म्हणतात. तो शब्द आम्हीं चाळीस वर्षें मुलांकडून घोकून घेतला. पण कुट्टिम करावें कसें, हें ठाऊक नसतांहि ठाऊक आहे असा आमचा समज होता, आणि पुढील सर्व अनर्थ त्यांतून झाला.

धाकटी सूनबाई स्थापत्यशास्त्राची पदवीधर. ती पुण्यास नोकरीस असल्यामुळें रविवारींच घरीं येई. जातांना तिनें एका कागदावर सूचना लिहून ठेविल्या आणि म्हणाली, “आप्पा, मिस्त्रींना एवढं सोडून दुसरं कांहीं करूं देऊं नका.” कागद आम्हीं वाचला. भिंतीचा गिलावा प्रथम सरळ करून घ्यावा, दहा फुटांची पट्टी लावली असतां कोठेंहि तीन मिलिमीटरहून अधिक फट दिसूं नये, टाइल भिजवूं नये, सिमेंट न वापरतां तयार चिकटमिश्रण वापरावें, असें त्यांत होतें. या मिश्रणास मिस्त्री लोक नुसतें ‘केमिकल’ म्हणतात. आम्हांस तें सर्व अवास्तव वाटलें. १९८५ सालीं याच घरांत स्वयंपाकघराच्या ओट्यामागें पांढऱ्या टाइल्स बसविल्या, तेव्हां त्या रात्रभर हौदांत भिजत घातल्या होत्या व सिमेंटानें चिकटविल्या होत्या. त्या अद्याप जागच्या जागीं आहेत!

मिस्त्री आमचाच जुना विद्यार्थी. भिंत ओळंब्यांत नव्हती. वरपासून खालपर्यंत अर्ध्या इंचाचा फरक होता. गिलावा करून तो वाळूं द्यावयाचा तर आठ-दहा दिवस जाणार, आणि मुंज पंधरा दिवसांवर आलेली. तो म्हणाला, “गुरुजी, मागें सिमेंटचे पांच गोळे लावतों, चार कोपऱ्यांना चार, मध्यें एक. फरक गोळ्यांत जिरून जाईल.” आम्हीं रुकार दिला. इतकेंच नव्हे, तर टाइल्स भिजत घालण्यासहि सांगितलें. रविवारीं सूनबाई आली तों न्हाणीघराच्या तिन्ही भिंती पूर्ण झालेल्या, चकचकीत, ओळंब्यांत. तिनें बोटाच्या पेरानें दोनचार ठिकाणीं वाजवून पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां निघून गेली. तिनें कांहीं बोलावयास हवें होतें, असें आम्हीं त्या वेळीं म्हटलें असतें. पण सासऱ्याच्या हट्टापुढें सुनेनें बोलावें अशी सोय आम्हीं तरी कोठें ठेविली होती?

मुंज पार पडली. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यांत एके दिवशीं पहांटें साडेपांच वाजतां न्हाणीघरांत असा आवाज झाला कीं सारी आळी जागी व्हावी. भिंतीची वरच्या रांगेंतील टाइल निसटून खालीं पडली होती. बादली फुटली होती, आणि थोरल्या वहिनींचा स्नानाचा पाट मधोमध दुभंगला होता. वहिनींचें वय एक्यायशीं. त्या रोज बरोबर साडेपांचास त्याच पाटावर बसतात. त्या दिवशीं रात्रभर वीज नव्हती, पाणी तापलें नव्हतें, म्हणून त्या परसांत पारिजातकाचीं फुलें वेंचीत बसल्या होत्या.

आम्हीं टाइलचे तुकडे उचलून पाहिले. मागची बाजू पुसलेल्या पाटीसारखी कोरी होती. सिमेंटचे पांचहि गोळे भिंतीवर जसेच्या तसे. टाइलला त्यांचा कण चिकटलेला नाहीं. जुन्या पांढऱ्या टाइलचें अंग सच्छिद्र असे. ती कोरडी लावली तर सिमेंटांतील पाणी पिऊन टाकी, म्हणून ती भिजवीत. आणि त्याच छिद्रांत सिमेंट शिरून घट्ट धरी. पोर्सेलीनला छिद्रेंच नाहींत. तिला भिजविल्यानें पाठीवर पाण्याचा पापुद्रा तेवढा राहतो. सूनबाईच्या कागदावरील प्रत्येक ओळीस असें कारण होतें. आम्हीं तें विचारलें नव्हतें. शिकविणारास विचारण्याची संवय राहत नाहीं.

त्या रविवारीं सर्व मंडळी माजघरांत जमली असतां आम्हीं झालें तें सांगितलें आणि मिस्त्रीकडे बोट दाखविलें नाहीं. नव्या टाइल्सचा खर्च आमच्या निवृत्तिवेतनांतून व्हावा असें ठरविलें. वहिनी एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, पाट मात्र सागवानी आणा.” सूनबाई उठून आंत गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर रजा घेऊन घरीं राहिली.

या वेळीं आम्ही हाताखालीं होतों. भिंती ठोकून मोकळ्या केल्या, नवा गिलावा झाला, तो वाळूं दिला. दातेरी थापीनें भिंतीवर मिश्रण ओढावयाचें, तेंहि एकाच दिशेनें. वाटोळें फिरविलें तर हवा आंत कोंडते. टाइलच्या पाठीसहि पातळ थर द्यावयाचा, मग ती दाबून किंचित् मागेंपुढें सरकवावयाची, म्हणजे रेघा मोडून सर्व भरीव होतें. ओल्या जागीं टाइलच्या पाठीचा शेंकडा ९५ भाग तरी मिश्रणानें धरला पाहिजे. पहिली बसविलेली टाइल सूनबाईनें मुद्दाम ओढून काढविली व पाठ आम्हांस दाखविली. आम्हीं ‘उत्तीर्ण’ म्हटलें, तेव्हां ती प्रथमच हंसली.

माजघराच्या फरशीच्या वेळीं मात्र आमचा व तिचा पुन्हां वाद झाला. दगडी बांधकामांत सांधेमोड करतात तशी प्रत्येक ओळ अर्ध्यानें सरकवावी असें आमचें म्हणणें. ती म्हणाली, “आप्पा, एवढी लांब टाइल भट्टींतून मध्यें किंचित् फुगून येते. अर्ध्यावर सांधा ठेवला तर एकीचा फुगवटा दुसरीच्या टोकाशीं येईल आणि पायाला ठेंच लागेल. फार तर एक तृतीयांश सरकवूं.” हें तिनें दोन टाइल्स पोटाशीं पोट लावून दाखविलें, मध्यें टेकल्या, टोंकांस फट! एक तृतीयांश ठरलें. भिंतीच्या कडेनें थोडी फट सोडून ती स्कर्टिंगखालीं झांकली, कारण उन्हाळ्यांत फरशी फुगते व तिला जागा लागते.

रंगाची निवड बायकांनीं केली. चकचकीत जात वहिनींनींच नाकारली. मयसभेंत दुर्योधनाची जी फजिती झाली ती आमच्या घरीं नको, असें म्हणून त्यांनीं खरबरीत पोताची पसंत केली. आतां त्यांची तक्रार एवढीच आहे कीं, निवडतांना सांडलेला तांदूळ या पांढरट फरशीवर दिसत नाहीं.

जुन्या शहाबादी फरशा परसांत तुळशीभोंवतीं मांडल्या आहेत. मुंज झालेला बटु हातांत पांच रुपयांचें नाणें घेऊन घरभर टाइल्स वाजवीत हिंडतो, आणि आम्ही खडू घेऊन त्याच्या मागें. माजघरांत अद्याप एकच पोकळ सांपडली आहे, दाराजवळची. तिच्यावर फुली केली आहे. सूनबाई रविवारीं येईल तेव्हां पाहील.