चढ कोण चढणार?

रविवार, रात्र

इलेक्ट्रिक माउंटन बाइक घ्यायची हे ठरलं. कोणती, हे काही केल्या ठरेना. दुकानदार वेगाचं कौतुक सांगतात. पण मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तरच नोंदणी-परवान्यातून सुटका. मग वेगाचं अप्रूप कशाला? मला हवाय सिंहगडाच्या घाटात टिकणारा जोर. चाकातली हब मोटर स्वस्त, पण सायकलचे गिअर तिच्या कामी येत नाहीत. लांब चढावर ती तापते. पेडलजवळची मोटर गिअरमधूनच जोर लावते, म्हणून चढाला सरस. मात्र किंमत ऐकून घाम दुकानातच फुटतो, शिवाय साखळीही लवकर झिजते. बॅटरीचं गणित सोपं: 36 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर-अवर म्हणजे 360 वॉट-अवर. ती किती पुरेल, ते चढ, वजन आणि माझे पाय ठरवणार.

त्यात आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वीस-बावीस किलोंचं धूड तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार? म्हणजे काढता येणारी बॅटरी हवीच. सायकल खाली, बॅटरी वर.

आता एकच अट: जो दुकानदार खऱ्या चढावर चालवून बघू देईल, त्याच्याशीच भावाची बोलणी.