ऊर्णास्नेह

गेल्या मार्गशीर्षात डोंबिवलीस आमच्या घरी एका लहानशा डबीवरून वाद उपस्थित झाला. सूनबाई नुकतीच बाळंतीण. बाळाला अंगावर पाजताना भेगांमुळे तिला फार यातना होत. डॉक्टरीणबाईंनी तिला ‘लॅनोलिन’ नावाचे पिवळसर, चिकट मलम लिहून दिले व त्याने तिला चांगला उतार पडला. आमच्या मातोश्रींचे वय सत्त्याऐंशी. थंडी पडली की त्यांच्या बोटांची कातडी फाटून रक्त येते. सूनबाईने प्रेमाने तीच डबी पुढे केली, तेव्हा त्यांनी विचारले, “हे कशाचे गं?”

“मेंढीच्या लोकरीतले तेल आहे, आजी.”

“म्हणजे चरबीच की!” असे म्हणून त्यांनी हात मागे घेतला.

मौज अशी की, हाच हात रोज सकाळी धाबळी नेसून देवांना गंधफूल वाहणारा! लोकरीचे वस्त्र सोवळ्यात चालते, तर लोकरीच्या स्निग्धतेने काय पाप केले, असा युक्तिवाद मी मांडून पाहिला. “तू आधी चौकशी कर, मग मला शिकव,” असे उत्तर मिळाले. पस्तीस वर्षे मुलांना हेच बजावीत आलेल्या मास्तराला ते झोंबावे यात नवल नाही.

चौकशीस ठाण्याइतके जवळचे स्थान दुसरे नव्हते. पहिली आगगाडी १८५३ साली जेथवर धावली तेवढीच ठाण्याची ख्याती नव्हे. १९२५ साली येथे रेमंडची लोकरीची गिरणी उभी राहिली, १९४४ साली ती सिंघानियांकडे आली, आणि पुढे कित्येक वर्षे आमच्याकडील नवरदेव त्या कापडाच्या सुटावाचून बोहल्यावर चढेनासा झाला. पोखरण रस्त्याला लागलो, तो गिरणीच्या जागी आकाशाला टेकलेल्या इमारती! जेकेग्राम हे नाव मात्र त्या परिसरात अजून तोंडातोंडी आहे. लोकरीच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालविलेला माझा एक जुना विद्यार्थी तेथे भेटला. तो मला कोलशेत रस्त्याकडे घेऊन गेला. १९६३ साली स्थापन झालेली लोकर संशोधन संस्था त्या रस्त्यावर आहे. तिच्या दारावरून पुढे एका चहाच्या दुकानात आम्ही बसलो, आणि त्याने पिशवीतून न धुतलेल्या मेरिनो लोकरीचा एक पुंजका काढून माझ्या तळहातावर ठेवला.

तो पुंजका दाबताच बोटे अशी मऊ झाली, जणू लोणी काढलेल्या रवीलाच हात लागला होता. मेंढीच्या त्वचेत स्नेहग्रंथी असतात. त्यांतून पाझरणारा हा स्नेह केसांवर पसरून तिचे पावसापासून रक्षण करतो. मेरिनोच्या लोकरीत वजनाच्या दहापासून पंचवीस टक्क्यांपर्यंत तो भरतो. कातरलेली लोकर साबणाच्या कढत पाण्यात धुतात, ते पाणी यंत्रात गरगर फिरवून वर आलेला स्नेह वेगळा करतात व मग शुद्ध करतात. म्हणजे क्रिया जवळजवळ ताक घुसळण्याचीच! शास्त्रदृष्ट्या ही चरबी नव्हे, मेणाचा प्रकार आहे. ते स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी पोटात धरते आणि कातडीतील ओल उडू देत नाही. म्हणून अंग किंचित ओलसर असतानाच, बोटांवर चोळून पातळ केलेले हरभऱ्याएवढे मलम पुरते. क्वचित कोणाला त्याने पुरळ उठतो. आधी मनगटाच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी.

प्राचीन ग्रीक व रोमन लोकांस हा पदार्थ ठाऊक होता. १८८२ साली लीब्राइख व ब्राउन या जर्मन गृहस्थांनी तो शुद्ध करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. नाव लॅटिनमधून आले: ‘लाना’ म्हणजे लोकर, ‘ओलेउम’ म्हणजे तेल. ही ‘लाना’ आणि आपली ‘ऊर्णा’ एकाच मूळ शब्दाच्या लेकी होत. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात ‘ऊर्णास्नेह’ म्हणू लागलो. तांब्याच्या पात्रात शंभर वेळा पाण्याने धुतलेले आमच्या वैद्यांचे शतधौतघृत त्याचे दूरचे आप्त म्हणावयास हरकत नाही.

उठता उठता विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, एक सांगायला हवे. मारलेल्या मेंढीच्या कातड्यावरून काढलेली लोकरही या धंद्यात येते. बरीचशी जिवंत मेंढीची असते, पण डबीवरून ओळखता येत नाही.” हे त्याने सांगितले नसते तर माझे काम किती सोपे झाले असते!

परतताना कल्याणास बहिणीकडे उतरलो. संध्याकाळी मुरबाडच्या रस्त्याने फिरावयास गेलो असता कापलेल्या भातखाचरात घाटावरच्या एका धनगराने मेंढरे बसविलेली दिसली. त्याच्या परवानगीने एका मेंढीच्या पाठीवर हात फिरविला. केस राठ, स्निग्धता बेताची. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीची, मलमाची नव्हे. “लोकर कोन घेतंय आता, गुरुजी?” तो म्हणाला. “कातरायची मजुरी बी निघत नाय.” त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीकडे पाहून मला आईची धाबळी आठवली.

घरी येऊन मी सर्व हकीकत मातोश्रींपुढे ठेवली. विद्यार्थ्याचे शेवटचे वाक्यही वगळले नाही. त्या बराच वेळ वाती वळीत बसल्या. बोटाला कापसाचे तंतू अडकून पुन्हा रक्त आले होते.

“माझी धाबळी कोणत्या मेंढीची, हे मी कधी विचारले होते?” त्या म्हणाल्या. “आण ती डबी. पण रात्रीच लावीन, आणि टाचांना माझे भिरंडेलच.”

पंधरा दिवसांत बोटांच्या भेगा मिटल्या. अडचण एवढीच की, हा स्नेह नुसत्या पाण्याने हटत नाही; त्यामुळे पूजेपूर्वी हात धुण्यासाठी आता मला रोज पहाटे रिठे भिजत घालावे लागतात.