दिसण्याचे नियम : ‘आयजीआय २’च्या निमित्ताने

उत्तरभागाविषयी मराठी समीक्षेला फारसे प्रेम नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुन्हा पुन्हा येतो, आणि तो होता तसाच यावा ही वाचकाची अटच असते. म्हणून समीक्षक त्याच्याकडे पाहत नाहीत. याउलट ‘कोसला’नंतर पुन्हा पांडुरंग सांगवीकरच भेटेल अशा आशेने बसलेल्या वाचकाला नेमाड्यांनी चांगदेव पाटील दिला आणि त्याची पंचाईत केली. तेच हवे असते आणि तेच नकोही असते. संगणकावरच्या खेळांच्या उत्तरभागांवर बोलणारी मुले हाच पेच आपल्या शब्दांत मांडत असतात, आणि त्यांचे बोलणे पुष्कळदा आपल्या चर्चासत्रांपेक्षा नेमके असते. तेव्हा ‘आयजीआय २ : कोव्हर्ट स्ट्राइक’ या २००३ सालच्या खेळाविषयी एका मराठीच्या प्राध्यापिकेने लिहावे यात वावगे काही नसावे.

या शतकाच्या पहिल्या दशकात तालुक्याच्या गावी ज्यांनी संगणक पाहिला त्यांना ‘आयजीआय’ हे नाव समजावून सांगावे लागत नाही. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या आमच्या कारंजा (घाडगे) येथेही टायपिंग, झेरॉक्स आणि इंटरनेट असे तिन्ही चालणाऱ्या दुकानांतून तो खेळ असेच. सीडी कुठून आली हे कुणी विचारत नसे. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने केलेला पहिला भाग २००० च्या डिसेंबरात आला. ‘आय ॲम गोइंग इन’ या वाक्याची ती आद्याक्षरे : मी आत चाललो आहे. (दुसऱ्या भागात त्याच आद्याक्षरांची एक गुप्तहेर संस्था करण्यात आली. उत्तरभागाला अशी मागाहूनची डागडुजी करावीच लागते.) डेव्हिड जोन्स हा ब्रिटिश कमांडो एकटा शत्रूच्या तळावर शिरतो, कुंपण कापतो, कॅमेरे बंद करतो, संगणकातली माहिती काढतो आणि जमल्यास जिवंत परततो. कथा एवढीच.

या खेळातली जमीन मात्र अफाट. त्याचे कारण गमतीचे आहे. इनरलूपने आधी ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’ हा विमान उडवण्याचा खेळ केला होता आणि त्याचेच तंत्र येथे वापरले. विमानासाठी आखलेल्या भूमीवर एका माणसाला पायी सोडले. त्यामुळे दूरच्या टेकडीवर पोटावर पडून दुर्बिणीतून तळ न्याहाळावा, कोण कुठून कुठे जातो ते पाहावे आणि मग उतरावे, ही चैन त्या काळच्या बंद खोल्यांच्या खेळांत क्वचितच मिळे. पोटावर पडून, असे मी सहज लिहून गेले. पण पहिल्या भागात फक्त वाकता येत असे. पडून सरपटण्याची सोय दुसऱ्या भागाने दिली. ही सुधारणा ऐकायला किरकोळ वाटते, परंतु गवतात आडवे पडल्यावर क्षितिज वर जाते आणि तळावरच्या माणसांची फक्त डोकी दिसतात, तेव्हा खेळाचा सगळा स्वभावच बदलतो. या भागासाठी ख्रिस रायन या एसएएसमधल्या माजी सैनिकाचा सल्ला घेतला गेला होता. तो कुठे कुठे उपयोगी पडला असेल ते सरपटताना जाणवते.

दुसरी सुधारणा याहून मोलाची, आणि तिची किंमत ओस्लोपेक्षा विदर्भात अधिक कळली असावी. पहिल्या भागात मिशनच्या मध्ये सेव्ह करण्याची सोयच नव्हती. चाळीस मिनिटे सांभाळून गेलात आणि शेवटच्या दारात गोळी लागली, तर पुन्हा कुंपणापासून सुरुवात. आमच्याकडे गोळी लागण्याचीही गरज नसे. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षे. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या चिमण्या ज्या विदर्भात धूर सोडत होत्या त्याच विदर्भातल्या खेड्यांत दिवसाचे कित्येक तास वीज नसे. पुण्याची २००६ मध्ये भारनियमनातून सुटका झाली तेव्हा आमच्या घरी त्या बातमीवर जे बोलले गेले ते येथे देण्यासारखे नाही. वेळापत्रक लागे ते एक, वीज जाई ती भलत्याच वेळी. जोन्सचे कित्येक मृत्यू शत्रूच्या हातून नव्हे तर वीज मंडळाच्या हातून झालेले आहेत.

दुसऱ्या भागाने सेव्ह दिले, पण मोजून दिले. प्रत्येक मिशनमध्ये ठरावीक, मोजकीच संख्या. हा मला या खेळातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. अमर्याद सेव्ह असले की प्रत्येक पावलानंतर जपून ठेवायचे आणि चुकले की मागे जायचे. मग भीती उरत नाही. अजिबात नसले की भीतीचे रूपांतर वैतागात होते. मोजके असले म्हणजे ‘आता खर्च करू की पुढचे अंगण ओलांडल्यावर?’ हा विचार सतत सोबत चालतो. आम्ही त्यात आणखी एक हिशेब धरत असू : पावणेसहा वाजले, सहाला वीज जाणार, तेव्हा जागा सोयीची असो वा नसो, येथे एक सेव्ह खर्च करणे भाग आहे. खेळ करणाऱ्यांनी ही अडचण कल्पिली नसणार. पण ती त्यांच्या रचनेत इतकी चपखल बसली की तिच्यावाचून तो खेळ मला आता अपुरा वाटतो.

मी तो खेळले घरी. धाकट्या भावाने हट्टाने घेतलेला संगणक होता, आणि मी तेव्हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कॅफेत मुली बसत नसत. बसायला बंदी नव्हती. दार उघडून आत शिरलेल्या मुलीकडे पाच-सहा माना वळत, एवढेच. भाऊ सकाळी क्लासला गेला की वीज असेल तेवढा वेळ माझा.

चोरपावलांच्या खेळांविषयी मला जे म्हणायचे आहे ते या माना वळण्याशी निगडित आहे. या प्रकारच्या खेळात खेळाडू आणि खेळ यांच्यात एक करार असतो. मी घाई करणार नाही, गोळीबाराचा मोह टाळीन, पहारेकऱ्याची फेरी पाचदा पाहीन. तू मला एवढेच दे, की पाहणाऱ्याला जे दिसणे शक्य आहे तेवढेच त्याला दिसेल. तो पाठमोरा असेल तर मी नाही. मध्ये भिंत असेल तर मी नाही. ‘थीफ’ने १९९८ मध्ये अंधार आणि पावलांचा आवाज यांवर हा करार उभा केला, ‘स्प्लिंटर सेल’ने २००२ मध्ये उजेड मोजणारी पट्टीच खेळाडूच्या हाती दिली. गावात वावरणाऱ्या मुलीला असा करार कुणी देत नाही. बसस्टँडवरून घरापर्यंतच्या रस्त्यात कोण पाहतो, कोणत्या खिडकीतून पाहतो, पाहून कुणाला सांगतो, आणि संध्याकाळी ते आईच्या कानावर कोणत्या रूपात येते, याचा नियम मला वीस वर्षांत सापडला नव्हता. येथे, पडद्यावर, पाहणाऱ्याचा अभ्यास करता येत होता. तो वळणार कधी हे मोजता येत होते. नजर ही एक जाणता येण्याजोगी वस्तू आहे, तिला सुरुवात आणि शेवट आहे, हा अनुभव मला कोणत्याही कादंबरीने दिला नाही. कादंबरी मला पाहणाऱ्याच्या मनात नेत असे. तिथे मला जायचे नव्हते.

म्हणूनच या उत्तरभागाचा राग येतो तोही याच ठिकाणी. करार पुष्कळ वेळ पाळला जातो आणि मग एकाएकी मोडतो. डोंगराच्या उतारावर, झुडपाआड, पडून राहिलेल्या जोन्सला एवढ्या अंतरावरचा पहारेकरी बघतो, की जिथून मला तो स्वतः ठिपक्याएवढा दिसत असतो. गच्चीवरच्या स्नायपरची पहिलीच गोळी लागते. उलट, जवळ उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला सायलेन्सरच्या बंदुकीने आडवे करावे तर दुसरा कधी कधी आपल्या वाटेने निघून जातो. बहिरेपणा आणि दिव्यदृष्टी एकाच देहात! कठीण असण्याला माझी हरकत नाही. पण आपण दिसलो ते का, हे कळले तर पुढच्या वेळी शिकता येते. ते न कळता दिसलो, तर तो तळ तळ राहत नाही, आमचा बसस्टँड होतो.

पहारेकरी हे या खेळांतले खरे पात्र असते. जोन्सला स्वभाव नाही. तो असण्याची गरजही नाही. पहाऱ्यावरच्या माणसाला मात्र हवा. आमच्या भागात रानडुकरे आणि रोही पिकात शिरतात म्हणून शेतकरी रात्री जागलीला जातात. वडिलांबरोबर मी लहानपणी दोन-तीनदा गेले आहे. जागलीवरचा माणूस डोळ्यांनी फार थोडे पाहतो. तो ऐकतो. तुरीच्या ओळीत खसखस झाली की त्याची मान वळते. मग बराच वेळ काही झाले नाही की तंबाखू मळतो, शेजारच्या मचाणावरच्याला हाळी घालतो, पहाटे तीनच्या सुमारास पेंगतो. डुकरांना तो तीनचा ठोका पक्का ठाऊक असतो. ‘आयजीआय २’चा पहारेकरी पेंगत नाही, कंटाळत नाही. आखून दिलेल्या रेघेवर जातो आणि येतो. पहिल्या भागाच्या मानाने त्याला अधिक शहाणा केल्याचे म्हटले जाते. मला तो अधिक तीक्ष्ण वाटला, अधिक माणूस नाही. शहाणपण म्हणजे दुरून दिसणे असा करणाऱ्यांचा समज झाला असावा.

मग भोंगा वाजतो. या प्रकाराला ‘स्टेल्थ ॲक्शन’ म्हणतात. म्हणजे लपणेही आणि लढणेही. मराठी वाचकाला हे जोडनाव परके वाटू नये. कोंडाजी फर्जंदाने १६७३ मध्ये साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. जयराम पिंड्ये यांनी त्यावर संस्कृत काव्यच रचले. रात्री गुपचूप कडा चढून गेलेली माणसे वर पोहोचल्यावर गप्प राहिली नाहीत. त्यांनी कर्णे फुंकून गडावर हलकल्लोळ माजवला, अशी हकीकत सांगितली जाते. चोरपावलांनी मिळवलेली जागा गोंगाटाने वापरायची. साठांचे सहाशे भासवायचे. शांततेतून गोंगाटात जाणे हे तिथे अपयश नाही, तो बेतच आहे. ‘आयजीआय २’मध्ये मात्र भोंगा वाजला की कुमक येत राहते, आणि खेळाडूला त्या गोंधळाचा उपयोग करण्याची फारशी वाट नसते. कोपऱ्यात दाराकडे नेम धरून उभे राहायचे आणि येईल त्याला टिपायचे. लपण्याचा भाग आणि लढण्याचा भाग एकमेकांशी बोलत नाहीत. दोन वेगवेगळ्या लेखकांनी एक प्रकरण आड एक लिहावे तसे होते.

कथेविषयी थोडक्यात. चोरीला गेलेल्या चिप्स, रशियन माफिया, लिबिया, एक गद्दार, शेवटी वू शिंग नावाचा चिनी सेनापती आणि अवकाशातले शस्त्र. एकोणीस मिशन भरतील एवढा भूगोल हवा म्हणून कथा फिरत राहते. चीनने २००४ मध्ये या खेळावर बंदी घातली. आपल्या सैन्याची प्रतिमा मलिन केली असे कारण दिले. खलनायकाला स्वभाव न देता फक्त देश दिला म्हणजे असे व्हायचेच. त्या काळच्या आमच्या हिंदी चित्रपटांना या बाबतीत कुणाला शिकवण्याचा अधिकार नव्हता, हेही खरे.

शेवटची काही मिशन तर सरळ धावाधावीची आहेत. दुर्बीण, नकाशा, सरपटणे, उष्णता दाखवणारा चष्मा, कुलपे उघडणे, एवढे सगळे शिकवून झाल्यावर खेळाने स्वतःच ते टाकून द्यावे हे वाईट वाटते. दुसरा भाग आला त्याच वर्षी, २००३ मध्ये, इनरलूप बंद झाली. तेव्हा ही घाई धंद्याची होती की कल्पनेची, याचा निवाडा करण्यात अर्थ नाही. बहुधा अनेकांशी एकाच वेळी खेळण्याची सोयही या भागात नव्याने आली होती. आमच्या घरी एकच संगणक होता, त्यामुळे तो विभाग आम्ही कधी उघडला नाही.

मला आजही आठवते ते नीस्टर नदीवरच्या पुलाचे मिशन. त्यात लपून जाण्याची धीराची वाट आहे आणि अंगावर गोळ्या झेलत पळत जाण्याचीही आहे. भावाने ते पळत जाऊन केले. मला एक पूर्ण सकाळ लागली. दोनदा वीज गेली, सगळे सेव्ह संपले. पुढचे मिशन दोघांनाही सारखेच उघडले. खेळाच्या दृष्टीने आम्ही दोघांनी एकच गोष्ट केली होती. दुपारी तो क्लासहून आला, पडदा पाहिला आणि म्हणाला, “ताई, येवढा टाइम करत काय व्हती वं तू?” मी पुलावरच्या पहारेकऱ्याच्या फेऱ्या मोजत होते, असे सांगितले. किती झाल्या, असे त्याने विचारले नाही. पाणी प्यायला आणि खुर्ची मागितली.